झेल्माबाईंचा चौदावा धडा

झेल्मा टॅकेटबाईंच्या वर्गात मे महिना कधी यायचाच नाही. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात यायचा, मैदानावरचं गवत कापलं जायचं, पोरी नाचाच्या पार्टीसाठी झग्यांची मापं द्यायला पळायच्या, सगळं व्हायचं. पण जीवशास्त्राच्या पुस्तकातला चौदावा धडा, तो उत्क्रांतीचा, ज्याच्याबद्दल बाई दर ऑगस्टला सांगायच्या की “तो आपण मे महिन्यात घेऊ,” तो काही उजाडायचा नाही. एक नाही, दोन नाही, एकतीस वर्षं.

त्याला अक्कल लागते हो. दुसऱ्या गावांत बेडूक चिरायला तीन दिवस लागतात. झेल्माबाईंचा बेडूक पाच आठवडे पुरायचा. त्याचं काळीज काढ, त्याचं चित्र काढ, चित्राला रंग दे, रंग दिलेलं चित्र फळ्याशेजारी टांग. मग झाडांची पानं गोळा करायची वही, तिला तीन आठवडे. मग परीक्षा, मग वादळाची घंटा वाजली की टेबलाखाली बसायची तालीम. तेरावा धडा संपता संपता शाळेलाच सुट्टी लागायची. बाईंनी कधी कुणाला खोटं सांगितलं नाही. वेळच पुरला नाही, त्याला त्या काय करणार?

बर्च फोर्क गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. देवानं सहा दिवसांत जग केलं असं शिकवणारे पास्टर खूश, आईबाप खूश, हेडमास्तर तर दर वर्षी बाईंना गुलाबाचं रोप द्यायचे. बाई स्वतः नॉक्सव्हिलला कॉलेजात शिकलेल्या, चौदावा धडा त्यांना तोंडपाठ. आणि रविवारी देवळात तिसऱ्या बाकावर, देवळाचा कारभार बघणारा डीकन असलेल्या नवऱ्याशेजारी, सगळ्यांत मोठ्यानं गाणाऱ्याही त्याच. देवही त्यांचा आणि धडाही त्यांचा. फक्त दोन जावा एका चुलीपाशी येऊ नयेत म्हणून सासू कशी जपते, तसं त्या दोघांना जपत होत्या.

पण एक होतं. ते बाईंनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी वर्गात डव्ही लेडफोर्ड नावाची पोरगी होती. सोळा वर्षांची, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. बोलायची कमी, पण बोलली की मास्तरांना पाणी प्यायला लावायची. सप्टेंबरात तिनं विचारलं, “बाई, चौदावा कधी?” बाई म्हणाल्या, “मेमध्ये.” जानेवारीत विचारलं, तर “मेमध्ये.” आणि मेच्या शेवटच्या दिवशी पुस्तक परत देताना तिनं विचारलं, “बाई, मग चौदावा?” तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “अगं, आता सुट्टीत वाच की तूच.” पुस्तक तर तिच्या हातातून घेतलं होतं आणि वर हे सांगत होत्या.

जूनमध्ये गवताच्या भाऱ्यांच्या ट्रकवरून डव्ही पडली. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली.

तेव्हापासून दर मेमध्ये, शेवटचा तास संपला, मुलं गेली, बाई फळा पुसायला वळल्या की पाठीमागून आवाज यायचा. मोठा नाही. कुणी वही मिटताना सहज बोलावं तसा. “बाई, मग चौदावा?” बाई वळायच्या नाहीत. सगळा फळा पुसून व्हायचा, मग खडू एकेक करून डब्यात ठेवायच्या, मग डबा कपाटात. तोपर्यंत वर्ग रिकामा असायचा. आधीही रिकामाच असायचा म्हणा. पण वाळलेल्या गवताचा वास मात्र राहिलेला असायचा. मैदानावर गवत कापलंय, वास येणारच, असं बाई स्वतःला सांगायच्या. मैदानावरचं गवत ओलं असतानाच कापतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

तर असं ते चाललं होतं, आणि बाईंचं निवृत्तीचं वर्ष आलं. त्याच वर्षी शाळेच्या बोर्डाला सुचलं की जीवशास्त्राच्या नव्या पुस्तकांत स्टिकर लावायचे. चौदाव्या धड्याच्या पहिल्याच पानावर: ‘यातलं मत हे काही शास्त्रज्ञांचं मत आहे. विद्यार्थ्यांनी खुल्या मनानं वाचावं आणि घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलावं.’ एकशेचाळीस पुस्तकं, एकशेचाळीस स्टिकर, आणि चिकटवायला कोण? झेल्माबाई.

दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरनं हरकत घेतली, कोर्टात जाईन म्हणाला. बोर्डाची पाच माणसं, त्यातली दोन कचरायला लागली. मग ठरलं की एप्रिलमध्ये सभा घ्यायची, गावाचं ऐकायचं आणि मतं टाकायची. त्याच्या आदल्या शनिवारी बोर्डाचे अध्यक्ष बाईंच्या दारात हजर. गार्लंड स्टिल्टनर, पेंडीच्या दुकानाचा मालक, पंचेचाळिशीचा आडवा-उभा माणूस. हातात काकवीची बरणी.

“झेल्माबाई, आहात का घरात?”

“नाही, मेले मी. ये आत. आणि पाय पूस.”

गार्लंडनं पाय पुसले. शाळेत याच बाईंच्या बेडकापुढे तो चक्कर येऊन पडला होता आणि अजून बाईंसमोर बसताना खुर्चीच्या कडेवरच बसायचा.

“बाई, सभेत तुम्ही दोन शब्द बोला. जास्त काही नाही, खरं तेच सांगायचं. एकतीस वर्षांत त्या धड्यावरून एक तरी तक्रार आली का?”

“नाही आली.”

“झालं तर! एवढंच. तुम्ही सांगितलंत की ते दोघं ताळ्यावर येतील. तुमचा शब्द म्हणजे काय, अर्धं गाव तुमच्या हाताखालून गेलंय.”

“हो, आणि त्यातले काही बेडकावरून,” बाईंचा नवरा हॉयट आतून ओरडला.

गार्लंड लाल झाला. “हॉयटमामा, ते आता जाऊ द्या की.”

“जाऊ दिलं असतं रे, पण तू बेडकावरच पडलास!”

हसता हसता बाई हो म्हणून गेल्या. काकवीही ठेवून घेतली. खरं तेच तर सांगायचं होतं.

सोमवारी त्या पुस्तकांच्या खोलीत स्टिकर लावायला बसल्या. साठेक पुस्तकं झाली आणि ठेवायला जागा उरली नाही, म्हणून बॉयलरच्या खोलीत जुनी पुस्तकं पडली होती ती हलवायला गेल्या. खोक्यातली पुस्तकं आडवी रचलेली. बाईंनी दिव्याचं बटण दाबलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

पुस्तकाची उघडी बाजू असते ना, पानांच्या कडा दिसतात ती? तेरा धड्यांच्या कडा बोटांनी काळ्या पडलेल्या. पुढे पंधराव्या-सोळाव्याच्याही थोड्या मळलेल्या, चित्रं बघून बघून. आणि मध्ये बोटभर जाडीचा पट्टा, पांढरा स्वच्छ. प्रत्येक पुस्तकात तिथेच. चाळीस पुस्तकं एकावर एक, आणि चाळीस पांढरे पट्टे. जणू खोक्यातनं कुणी दात विचकून बघतंय.

पण बाई मास्तरीणच. एकेक पुस्तक उचलून बघायला लागल्या. आणि बाविसाव्या पुस्तकाचा पट्टा पांढरा नव्हता.

आमच्या शाळेत पुस्तकाच्या पहिल्या पानावर रकाने असतात. कुणाला दिलं, कोणत्या वर्षी, पुस्तकाची हालत कशी. त्यात खालून तिसरं नाव होतं डव्ही लेडफोर्ड, हालत ‘बरी’. तिच्यानंतर आणखी दोघांनी ते पुस्तक वापरलं होतं. पण चौदावा उघडलाच नव्हता कुणी, मग दिसणार कुणाला?

पुस्तकात लिहिलं तर दंड असतो. म्हणून पोरीनं पेन्सिलीनं, बारीक, पानाच्या अगदी शिवणीत लिहिलं होतं. पुस्तक पुरतं उलगडल्याशिवाय दिसू नये असं.

‘ओढ्यात सापडतात ते दगडी मणी समुद्रातल्या जीवांचे आहेत म्हणे. मग डोंगर समुद्राकडे गेला की समुद्र डोंगराकडे आला?’

‘नोहाच्या पुरात मासे कशाला मरतील?’

‘गुहेतल्या माशाला डोळे नाहीत, पण डोळ्यांच्या जागा आहेत. देवानं देऊन परत घेतले का?’

‘माझी करंगळी आईसारखी वाकडी. हेच का ते?’

असे सतरा प्रश्न. प्रत्येकापुढे उत्तराला जागा सोडलेली. बाई बॉयलरच्या खोलीत खोक्यावर बसून वाचत होत्या आणि शेवटच्या पानावर आल्या. तिथे प्रश्न नव्हता.

‘हे आईला विचारायचं नाही, ती रडते. झेल्माबाईंना विचारायचं. मे.’

बाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि घरी आणलं. हॉयटनं विचारलं, “काय गं, भूत बघितल्यासारखी दिसतेस?” बाई म्हणाल्या, “बटाटे सोल.” त्यानं सोलले. बत्तीस वर्षांच्या संसारात कधी बटाटे सोलायचे आणि कधी बोलायचं, एवढं त्याला कळत होतं.

आता बाईंची खरी अडचण ऐका. सभेत उभं राहून स्वतःची लाज उघडी करणं जमलं असतं. पण ते पुस्तक? डव्हीची आई नोला लेडफोर्ड अजून होती. देवळात पहिल्या बाकावर बसायची, आणि स्टिकर लागावेत म्हणून दारोदार फिरून सह्या गोळा करणारीही तीच. तिचं सगळं जगणं एका गोष्टीवर उभं होतं: पोर अकराव्या वर्षी गावच्या ओढ्यात बाप्तिस्मा घेऊन आली होती, तिचं तारण झालं होतं, म्हणजे स्वर्गातली जागा पक्की झाली होती, आणि वर गेल्यावर ती भेटणार होती. दर मेमध्ये कबरी सजवायच्या रविवारी नोला पोरीशी बोलत बसायची, पुढच्या आठवड्यात भेटायचं असल्यासारखी. तिला जर कळलं की पोरगी शेवटच्या वर्षी शिवणीत लपून असले प्रश्न लिहीत होती, तर? तारण झालेली पोर असं विचारते का, एवढी एक शंका पुरे होती. बाई म्हणजे त्या म्हातारीची लेक दुसऱ्यांदा ट्रकवरून ढकलणार.

आणि पुस्तक लपवलं, तर डव्ही? तिनं तर बाईंनाच विचारलं होतं.

सभेच्या दिवशी शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. उन्हं अजून खिडक्यांतून सरळ आत येत होती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ. डॉक्टर बोलला, पास्टर बोलले. नोला बोलली, “माझ्या नातीला माकडाची नात म्हणवून घ्यायचं नाही मला,” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गार्लंड म्हणाला, “आता आपल्या झेल्माबाई.”

बाई उठल्या. हॉयट शेजारीच होता, हॅट मांडीवर ठेवून.

“एकतीस वर्षांत चौदाव्या धड्यावरून एकही तक्रार आली नाही,” बाई म्हणाल्या. गार्लंडनं मान डोलावली. “हे मला सांगायला सांगितलंय, आणि ते खरं आहे. तक्रार आली नाही, कारण तो धडा मी कधी शिकवलाच नाही.”

गार्लंडची मान डोलता डोलता थांबली.

“तुम्हांला सगळ्यांना हे माहीत आहे. गार्लंड, तुलाही मी शिकवला नाही. मला तो येतो. मला भीती वाटायची. कुणाची ते विचारू नका, तुम्ही सगळे इथेच बसलायत. मी पोरांना मे महिना दाखवला आणि दिला नाही. त्यातली काही आता विचारायला यायची नाहीत. म्हणजे तुमच्यासारखी येणार नाहीत.” इथे बाई जरा थांबल्या. “आणि एक सांग मला गार्लंड, जे पान कुणी उघडतच नाही, त्याच्यावर स्टिकर कशाला चिकटवतोस?”

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. घड्याळ वाजलं. बाई बसल्या. पुस्तकाचं नाव त्यांनी काढलं नाही, डव्हीचंही नाही. पण खाली बसताना नजर गेली तर नोला त्यांच्याकडेच बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

मतं पडली. तीन विरुद्ध दोन, स्टिकर राहिले. घरी जाताना गाडीत हॉयट म्हणाला, “मला आधी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस.”

“अडवलंच असतं.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “पण आवाज चांगला लागला होता तुझा.”

त्या रविवारी देवळातल्या पंगतीला बाईंनी नेहमीप्रमाणे भरलेली अंडी नेली. ताट जसं नेलं तसं घरी आलं. एकानं हात लावला नाही. हॉयटनं घरी बसून चौदा अंडी खाल्ली आणि मग दोन दिवस कण्हत पडला होता, पण तक्रार म्हणून केली नाही.

आणि मे आला. खराखुरा. बेडूक तीन दिवसांत आटपला, बिचाऱ्यालाही सुटल्यासारखं झालं असेल. बाईंनी सांगितलं, सोमवारपासून चौदावा. सव्वीस मुलांपैकी अकरा ‘आमच्या पोराला हा धडा नको’ अशा घरच्या चिठ्ठ्या घेऊन आली आणि लायब्ररीत जाऊन बसली. उरली पंधरा. बाई म्हणाल्या, “स्टिकर वाचा. वाचलात? आता पान उलटा.”

त्यांनी धडा पुस्तकाच्या क्रमानं घेतलाच नाही. डव्हीच्या क्रमानं घेतला. फळ्यावर रोज तिचे दोन-तीन प्रश्न लिहायचे, नाव न घालता, आणि उत्तर शोधायला लागायचं. आंधळ्या माशांवर तर मुलं भांडलीच. “बाई, पण न वापरलं म्हणून आपोआप जातं का? मग आमच्या ड्वेनचा मेंदू जायला हवा होता!” वर्ग खदखदला. बाईही हसल्या. मग खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे त्यांची नजर गेली. तो त्या तासाला रिकामाच असायचा. तिथे बसणारा मुलगा लायब्ररीत होता. बाक रिकामा होता आणि तरी बाईंना वर्ग मोजताना दर वेळी सोळा व्हायचे. दोनदा मोजलं तरी सोळा.

त्या वर्गात नोलाची नात होती, तिच्या मुलाची मुलगी. तिच्या बापानं चिठ्ठी द्यायची टाळली होती. पोरीनं संध्याकाळी घरी जेवताना आजीला सहज विचारलं, “आजी, डोंगर समुद्राकडे गेला की समुद्र डोंगराकडे आला?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नोला वर्गाच्या दारात उभी. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

“पुस्तक कुठंय?” ती म्हणाली.

“कुठलं पुस्तक, नोला?”

“मला मूर्ख समजू नकोस, झेल्मा. तो प्रश्न माझ्या पोरीचा आहे. अगदी तसाच्या तसा. भांडी घासताना विचारला होता मला. मी घाबरले. मला रडू आलं. मी म्हटलं, हे तुझ्या बाईंना विचार, त्या शिकलेल्या आहेत. मीच पाठवली तिला तुझ्याकडे. बावीस वर्षं मला वाटतंय, तू काय सांगितलं असशील तिला? कुठला विचार डोक्यात घेऊन चढली असेल पोर त्या ट्रकवर? आणि तू परवा सगळ्यांसमोर सांगतेस की काहीच सांगितलं नाही!”

बाईंना पुस्तक लपवता आलं असतं. अजूनही ‘नाही’ म्हणता आलं असतं. शेवटचं पान तेवढं फाडून देता आलं असतं, आणि ते तर एकदा मनातही येऊन गेलं. त्यांनी कपाट उघडलं आणि पुस्तक तसंच्या तसं तिच्या हातात दिलं.

नोला बाकावर बसली. कुठल्या, ते काय सांगायचं. दारातून सरळ चालत गेली आणि बसली. पुस्तक पुरतं उलगडलं. तिची वाकडी करंगळी एकेका ओळीखालून सरकत होती. सगळं वाचायला तिला अर्धा तास लागला. शेवटच्या पानावर करंगळी थांबली, ती उचललीच नाही.

बाई फळ्याजवळ उभ्या राहून वाट बघत होत्या. रडेल, ओरडेल, पुस्तक फेकून मारेल, पास्टरकडे जाईल. तारणाचं विचारेल, आणि ते विचारलं तर काय सांगायचं, हे बाईंना एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

नोलानं नाक पुसलं. “मला विचारायचं नाही म्हणते,” ती म्हणाली. “बरोबर आहे. मला कुठं येतंय.” मग पहिलं पान परत उघडलं. “तुला विचारलंय ना? मग सांग. पहिल्यापासून. आणि हळू सांग, मी आठवीत शाळा सोडलीय.”

बाईंनी खडू उचलला. डोंगर समुद्राकडे गेला नाही, समुद्र इथेच होता, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. नोला मध्ये मध्ये “हं” म्हणत होती. तास संपल्यावर म्हणाली, “ह्यातलं एक अक्षर पटलं नाही मला, झेल्मा. बुधवारी येते.”

आणि आली. शाळा संपली, बाई निवृत्त झाल्या, तर बाईंच्या घरी ओसरीवर यायला लागली. हॉयट दोघींना थंड चहा आणून द्यायचा आणि पळायचा. सतरा प्रश्न जुलैच्या मध्याला संपले. पुस्तक मिटलं. बाईंना वाटलं, झालं.

पुढच्या बुधवारी नोला परत आली. पुस्तक आणलं नव्हतं. खुर्चीत टेकली, पर्स खाली ठेवली आणि विचारलं, “बाई, गुहेतल्या माशाला उजेडात आणून ठेवला, तर त्याच्या नातवंडांना परत दिसायला लागेल?”

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. नोला त्यांना गेली चाळीस वर्षं ‘झेल्मा’ म्हणत आली होती. आणि हा प्रश्न पुस्तकात नव्हता. त्यांनी प्रत्येक पान दहादा उलगडून बघितलं होतं.

“हे कुठून आणलंस, नोला?”

“आणायचं कुठून? विचारायचा राहिला होता,” नोला म्हणाली, आणि म्हणता म्हणता स्वतःच चमकली. अंगणाखालच्या ओढ्याकडे बघत राहिली.

बाईंनी पेला खाली ठेवला, जरा विचार केला, आणि उत्तर द्यायला लागल्या, हळू, सोळा वर्षांच्या पोरीला कळेल अशा बेतानं.